स्वप्नं लिहायची कशात?

मैत्रिणींनो, सकाळी जाग आली की तुमचा हात आधी कुठे जातो? नळाला पाणी आलंय का बघायला, दुधाच्या पातेल्याकडे, की उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे? कुठेही गेला तरी रात्री पडलेलं स्वप्न तेवढ्यात निसटून जातं. "काहीतरी छान पडलं होतं बाई, पण आठवेचना," असं आपण चहा गाळता गाळता म्हणतो आणि कामाला लागतो.

आमच्या सुलतानपुरात बचत गटाच्या बैठकीला कॉलेजात जाणाऱ्या दोघी-तिघी मुलीही येतात, हिशेबाच्या वह्या लिहायला. त्यातल्या एकीनं परवा विचारलं, "ताई, मला रोज पडणारी स्वप्नं लिहून ठेवायचीत. वहीत लिहू की मोबाइलमध्ये टाइप करू?" झालं! हप्ते राहिले बाजूला आणि अर्धा तास वाद रंगला. मुली मोबाइलच्या बाजूच्या, आम्ही चाळिशीच्या बाया वहीच्या बाजूच्या. एक काकू तर म्हणाल्या, "सपनं लिवायची असतात काय? रिकामे धंदे!"

रिकामे धंदे नाहीत हो. आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. तुकोबांना स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी उपदेश केला, तो दिवस तुकोबांनी अभंगात नोंदवून ठेवलाय : माघ शुद्ध दशमी, गुरुवार. एवढंच नाही, गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आणि संत बहिणाबाई! वेरूळजवळच्या देवगावची ही मुलगी १६२८ च्या सुमारास जन्मली, खेळण्याच्या वयात लग्न झालं, नवरा वयानं कितीतरी मोठा. कोल्हापूरला असताना तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेलं नसताना स्वप्नात त्यांचा उपदेश मिळाला. तिनंही तिथी-वार सांगितलाय : कार्तिक वद्य पंचमी, रविवार. चारशे वर्षांपूर्वीची बाई आपलं स्वप्न तारीख घालून नोंदवते आणि आपण म्हणतो, रिकामे धंदे!

आता स्वप्न इतक्या लवकर पळतं का? १९५३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवून दिलं की झोपेत मधून मधून बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुतेकदा स्वप्न सांगतो. झोपेची अशी आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि पहाटेकडे हा स्वप्नांचा भाग लांबत जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं होतं की नाही ते देव जाणे, पण पहाटेचं स्वप्न लांब असतं, त्याच्यातूनच थेट जाग येते, म्हणून ते लक्षात राहतं. आणि लक्षात राहतं म्हणजे तरी किती? काही मिनिटं. तेवढ्यात ते धरलं नाही तर गेलंच.

म्हणून वही की मोबाइल या प्रश्नाचा पहिला भाग साधा आहे. हाताशी काय आहे? अंधारात काय सापडतं? इथे मुलींचा मुद्दा मला पटतो. मोबाइल उशाशी असतो, त्याला उजेड असतो, नवरा-लेकरं झोपलेली असताना दिवा लावावा लागत नाही. हातानं लिहिण्याची एक फजिती तर प्रसिद्धच आहे. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाला १९२० च्या सुमारास मध्यरात्री स्वप्नात एका प्रयोगाची कल्पना सुचली. त्यानं कागदाच्या कपट्यावर घाईघाईनं खरडलं आणि पुन्हा झोपला. सकाळी बघतो तर स्वतःचंच अक्षर वाचता येईना! त्याचं नशीब थोर, दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी कागदाच्या नादी न लागता तो तडक प्रयोगशाळेत गेला आणि बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला. मज्जातंतू हृदयाला रसायनातून निरोप देतात हे त्यातून कळलं आणि १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्याला दुसऱ्या रात्री तेच स्वप्न कोण आणून देणार?

पण मोबाइल हातात घेतला की आणखी एक होतं. पडदा उजळला की वर चार निरोप दिसतात. भावकीच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस, शाळेच्या ग्रुपवर उद्या डबा काय आणायचा. ते वाचेस्तोवर स्वप्न कुठल्या कुठे गेलेलं असतं. वही बिचारी गप्प असते.

हातानं लिहिण्याच्या बाजूनं शास्त्रज्ञांचंही थोडं बळ आहे. नॉर्वेत ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला तारा लावून एक अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द हातानं लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडले जातात, कळा दाबताना तेवढे नाही, असं त्यात दिसलं. मात्र त्यात मुलांना एका बोटानं टाइप करायला लावलं होतं आणि लिहायचे शब्दही समोर दिलेले होते. स्वप्नाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यामुळे "बघा, विज्ञानानं सिद्ध केलं" असं म्हणायची घाई मी करणार नाही. माझा अनुभव विचाराल तर हातानं लिहिताना वेग कमी असतो, आणि एक ओळ पुरी होईपर्यंत दुसरं काहीतरी आठवतं. वाडा कुणाचा होता, आईच्या अंगावर कोणतं लुगडं होतं... टाइप करताना मी गोष्ट उरकते.

आणि भाषा? ती तर फार मोठी गोष्ट आहे. आपल्याला स्वप्न पडतं ते आपल्या बोलीत. स्वप्नातली आजी वऱ्हाडीतच बोलते ना? मोबाइलला 'डोया' म्हटलेलं चालत नाही, तो लगेच दुसरा शब्द पुढे करतो. २०१७ पासून मराठीत नुसतं बोलून टाइप करायची सोय झाली, फार चांगली सोय आहे, ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी जरूर वापरावी. पण आमच्या बैठकीत एकीनं "मले सपन पडलं" असं म्हणून बघितलं तर पडद्यावर उमटलं, "मलेशिया पण पडलं"! हसून हसून पुरेवाट झाली. प्रमाण मराठीत बोललं तर तो नीट लिहितो. पण झोपेतून उठून कोण प्रमाण मराठीत बोलतं?

इथपर्यंतचा वाद तसा गमतीचाच होता. मग एक नवी सून, जी बैठकीत एरवी तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "ताई, वही घरच्यांनी वाचली तर?"

सगळ्या गप्प झाल्या. कारण प्रत्येकीला असं एखादं घर माहीत आहे. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीनं लग्नानंतर अशी वही लिहिली होती. स्वप्नात तिला कॉलेजचं मैदान दिसलं, बरोबर शिकणारा एक मुलगा सायकल घेऊन उभा होता. बस्स, एवढंच. वही गादीखाली सापडली आणि चार महिने त्या घरात धुसफूस चालली. माहेरच्यांना बोलावणं गेलं. मिटवायला आम्हाला दोनदा जावं लागलं. सासूबाईंचं म्हणणं एकच, मनात नसतं तर स्वप्नात आलं कशाला? अहो, स्वप्नात आपण मेलेल्या माणसांबरोबर जेवतो, छतावरून उडतो, बारावीचा पेपर पुन्हा देतो! स्वप्नावर कुणाचा ताबा असतो? जे आपण ठरवून केलंच नाही त्याचा जाब बाईनं द्यायचा, हा कुठला न्याय? संत बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार खाल्ला, तुकोबांच्या भक्तीवरून झालेला छळ त्यांनीच अभंगांत सांगून ठेवलाय. तरी त्यांनी स्वप्न लपवलं नाही. पण प्रत्येकीनं बहिणाबाई व्हावं अशी अपेक्षा मी कशी करू?

मुली म्हणाल्या, "म्हणून तर मोबाइल बरा, कुलूप लावता येतं." येतं, पण मोबाइल तिचा असेल तर! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात जेमतेम ५४ टक्के निघाल्या. बाकीच्यांनी नवऱ्याच्या, नाहीतर लेकाच्या मोबाइलमध्ये स्वप्नं लिहायची का? ज्यांचा स्वतःचा आहे त्यांचंही बघा. मोबाइल आणला तेव्हा तो सुरू कुणी करून दिला? बहुतेक घरांत नवऱ्यानं किंवा मुलानं, त्याच्याच ईमेलवरून. मग आपण इकडे टिपून ठेवतो ते तिकडे त्याच्या मोबाइलवरही आपोआप दिसू शकतं, हे कितीजणींना माहीत आहे? मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणाचं ईमेल घातलंय ते एकदा बघून घ्या. स्वप्नांसाठी नाही तरी इतर चार गोष्टींसाठी उपयोगी पडेल. आणि कुलूप लावलं की "लपवण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न आहेच.

माझं मत विचाराल तर मी वहीच्या बाजूची आहे, पण एका अटीवर. वही ठेवायला जागा पाहिजे. जिच्याकडे स्वतःची एक पेटी, एक कप्पा आहे आणि त्याला कुणी हात लावत नाही, तिनं खुशाल वही करावी. जिच्याकडे तेवढीही जागा नाही, पण मोबाइल आणि ईमेल स्वतःचं आहे, तिनं मोबाइलमध्ये लिहावं. जिच्याकडे दोन्ही नाही, तिनं लिहून फाडून टाकलं तरी चालेल. हो, फाडून! लिहिताना जे हलकं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ही हलकं होण्याची गोष्ट मी उगाच नाही म्हणत. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले शेतकरी आत्महत्यांचे सहा जिल्हे होते, त्यात आपला बुलढाणाही होता. त्या घरांमधल्या बायकांकडे गेलं की कर्ज, सातबारा, मुलांची फी असं सगळं बोलणं होतं, झोपेचं कुणी विचारत नाही. एकीनं मला सांगितलं, "ताई, रोज एकच सपन. हे धुऱ्यावर उभे असतात, मी हाका मारते, वळूनच पाहत नाहीत. आता झोपायचीच भीती वाटते." असं पुन्हा पुन्हा येणारं भीतीचं स्वप्न कागदावर उतरवायचं, त्याचा शेवट आपल्या मनानं बदलून लिहायचा आणि दिवसा जागेपणी तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचा, अशी एक उपचारपद्धत आहे. अमेरिकेत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर ती वापरली आणि त्यांची भयस्वप्नं कमी झाली, असा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झालाय. जखम मोठी असेल तर हे एकटीनं करू नये, समुपदेशकाची मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत. त्या ताईनं फोन केला, तालुक्याला जाऊनही आली. नवा शेवट तिनं मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहिला, पेन्सिलीनं. काय लिहिला ते मी विचारलं नाही.

करून बघायचं असेल तर थोडं सांगते. जाग आली की लगेच उठू नका, कूस बदलू नका, डोळे मिटूनच स्वप्न एकदा मनात फिरवा. मग फक्त चार-पाच शब्द टिपा : विहीर, पिवळी साडी, मामा, पूर. ते कॅलेंडरच्या पानामागे लिहा, नाहीतर मोबाइलमध्ये टाका, काही बिघडत नाही. चार शब्दांवरून कुणी भांडण काढू शकत नाही! दुपारी कामं आवरली की ते शब्द पुढे ठेवून सावकाश हातानं लिहा, तारीख घालून. अर्थ शोधत बसू नका. सापाचा अर्थ अमुक, दात पडण्याचा तमुक असली बाजारात मिळणारी पुस्तकं बाजूला ठेवा.

आणि ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं काय? जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या गात गेल्या, लेकानं, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या मुलानं ते टिपून ठेवलं, म्हणून १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, सत्तरी उलटलेल्या. "रिकामे धंदे" म्हणणाऱ्या काकूंच्या त्या सासूबाई. आता रोज दुपारी त्या ओट्यावर बसून नातीला स्वप्न सांगतात आणि ती वहीत लिहिते. परवा नातीनं 'स्वप्न' असं लिहून वाचून दाखवलं तर आजी म्हणाल्या, "म्या सपन म्हनलं, सपन लिव." तिनं खोडून 'सपन' केलं. पुढचं वाचायला लागली तर आजींनी पुन्हा थांबवलं, "थांब, एक राह्यलं. बैलाच्या शिंगाले लाल रंग होता, ते बी लिव."