स्मूदीचा ग्लास आणि पाच पोळ्या

शनिवारची सकाळ. बायको अजून झोपलेली, पोरगं टीव्हीसमोर, आणि मी ओट्यापाशी वजनकाटा घेऊन केळं मोजतोय. म्हणजे केळी किती आहेत ते नव्हे, सोललेलं केळं किती ग्रॅम भरतं ते. माझ्यासारख्या माणसावर ही वेळ का आली, ते सांगायला आजचा लेख. जरा चिडून लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. (आधीच सांगतो, सगळ्यात जास्त चिडलोय तो स्वतःवर.)

झालं असं. गेल्या दिवाळीत मी बाबांना एक झकास ब्लेंडर भेट दिला. बाबा सदुसष्ट वर्षांचे, साताऱ्याला असतात, चौदा वर्षांचा मधुमेह. गोळ्या वेळेवर, संध्याकाळी फिरणं, चहा बिनसाखरेचा. सकाळी एक भाकरी आणि रात्रीची उरलेली भाजी, नाहीतर छोटी बशीभर पोहे. वर्षानुवर्षं एचबीए१सी सातच्या आसपास. सगळं सुरळीत चालू होतं. चालू सिस्टिमला हात लावू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण मी पडलो पुण्याचा आणि त्यातून आयटीवाला. मला राहवतंय थोडंच!

"काय हे बाबा, रोज भाकरी! नुसते कार्ब्स. जरा हेल्दी काहीतरी घ्या ना," असं म्हणत हापिसातल्या फिटनेस ग्रुपवर आलेली स्मूदीची रेसिपी मी छापून फ्रिजच्या दारावर चिकटवली. वर लिहिलं होतं, 'साखरविरहित, शंभर टक्के नैसर्गिक'. बाबांची उभी हयात सरकारी नोकरीत गेली. लेखी आदेश आला की पाळायचा. त्यांनी तो साडेतीन महिने, एकही दिवस खाडा न करता पाळला.

फेब्रुवारी अखेरीस एचबीए१सी आला ८.६. डॉक्टरांनी विचारलं, "काका, गोड खाताय का?" बाबा म्हणाले, "छे हो, चहातसुद्धा साखर नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर गोम आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आईनं फोनवर मला सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. साडेतीन महिन्यांत बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती मी बदलली होती.

पुढच्याच शनिवारी ग्लुकोमीटर घेऊन सातारा गाठलं. स्मूदी पिण्याआधी १३६. पिऊन दीड तासानं २६८. बाबांनी आकडा बघितला, मग फ्रिजवरचा कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग जे काम दिवाळीतच करायला हवं होतं ते केलं. हिशेब. एक केळं, सोलून शंभर ग्रॅम: कार्ब्स २३ ग्रॅम. दोन चिकू, गर शंभर ग्रॅम: २०. तीन खजूर: १५. एक मोठा चमचा मध: १७. दूध २०० मिली: १०. दोन चमचे ओट्स: १३. एकूण ९८ ग्रॅम. आता घरातली मध्यम पोळी घ्या, तीस ग्रॅम कणकेची. तिच्यात साधारण वीस. म्हणजे बाबा रोज सकाळी उपाशीपोटी, भाजी नाही, वरण नाही, पाच पोळ्यांइतके कार्ब्स पाच मिनिटांत गटागट पीत होते. त्यांच्या पुढ्यात कोरड्या पाच पोळ्या ठेवल्या असत्या तर आईनं मला घराबाहेर काढलं असतं. पण तेच ग्लासात घालून, वर बदामाचे चार काप टाकून दिलं की ते 'हेल्दी'.

माझा पहिला राग आहे तो या 'हेल्दी' शब्दावर. हे विशेषण आहे, मोजमाप नव्हे. मधुमेही माणसाला विशेषणं नकोत, आकडे हवेत. किती, कशाबरोबर, किती वेळात, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे चार प्रश्न. पहाटे शरीरातली काही हार्मोन्स वाढतात, लिव्हर आपली साखर रक्तात सोडतं, त्यामुळे बऱ्याच मधुमेहींची सकाळची साखर आधीच चढलेली असते. नेमक्या त्याच वेळेला आपण हा ग्लास ओततो.

दुसरा राग 'नैसर्गिक साखर' या जोडशब्दावर. "अरे, मध आहे, साखर नाही!" मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गुळात बहुतांशी उसाचीच साखर. मधमाशीनं केली की कारखान्यानं केली, हे रक्ताला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मध आणि फळांचे रस हे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवले. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये पाकीटबंद रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला सांगितलं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीच्या वर नको. आणि आपल्या कॅफेतला ग्लास किती असतो? चारशे मिली तर सहज. वर स्ट्रॉ.

आता तुमच्यातले हुशार लोक (म्हणजे सगळेच :) ) म्हणणार, "पण रसात फायबर जातं, स्मूदीत तर सगळं राहतं!" बरोबर आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर निरोगी तरुण मंडळींवर झालेल्या काही छोट्या अभ्यासांत, बिया असलेली बेरीसारखी फळं ब्लेंडरमधून काढली तर साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, उलट थोडी कमीच चढली. म्हणजे ब्लेंडर हा राक्षस नाही. पण बारकाईनं वाचा. निरोगी, तरुण, बेरी, आणि मोजून तेवढंच फळ. माझ्या रेसिपीत यातलं एक तरी होतं का? निरोगी माणसाचा स्वादुपिंड लोड आला की लगेच इन्सुलिन वाढवतो. बाबांचा सर्व्हर चौदा वर्षं थकलेला आहे. त्याच्यावर सगळी ट्रॅफिक एकदम सोडायची आणि मग "माझ्या मशिनवर तर चालतं" म्हणायचं, हा आपला जुनाच रोग.

शिवाय खरी गडबड फायबरची नाहीच, प्रमाणाची आहे. एक केळं, दोन चिकू, तीन खजूर बशीत मांडून द्या. बाबा एक केळं खातील, अर्धा चिकू खातील आणि "बास रे" म्हणतील. चावायला वेळ लागतो, जबडा दमतो, पोट भरल्याचं कळतं. ग्लासाला हा ब्रेकच नाही.

आणि हा मुद्दा तर मला रात्री झोपू देईना. मधुमेहात साखर कधी एकदम उतरते, सत्तरच्या खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा काय करतात? पंधरा ग्रॅम पटकन चढणारी साखर द्यायची, उदाहरणार्थ अर्धा कप फळांचा रस, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. जीव वाचवणारा उपाय आहे तो. म्हणजे गोड द्रव प्यायला की साखर झपाट्यानं चढते, हे वैद्यकशास्त्राला इतकं पक्कं ठाऊक आहे की ते औषध म्हणून वापरतात! आणि आपण त्याच जातीच्या ग्लासाला नाश्ता म्हणतो, तोही साडेसहापट डोसात.

थांबा, लगेच दुसऱ्या टोकाला पळू नका. आपल्याकडे तेही जोरात चालतं. "डायबेटिस आहे ना? मग फळं बंद!" साफ चूक. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या सुमारे १,८७,००० लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींचा अभ्यास आला. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं, आणि फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये जास्त. असल्या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, मान्य. पण फळाला शत्रू ठरवायला आधार नाही, एवढं तरी दिसतंच.

आणि तिसरं टोक, कारल्याचा नाहीतर जांभळाचा रस सुरू करून गोळ्या बंद करणारे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, हात जोडतो. आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कार्ब्स एकदम तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आहार बदलायचा तर डॉक्टरांना सांगून.

गंमत म्हणजे ग्लासातून मधुमेह मागे हटवण्याचं उदाहरणही आहे. २०१७ साली ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीचे निकाल आले. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेले लोक घेतले, तीन ते पाच महिने त्यांना जेवणाऐवजी दिवसाला सुमारे ८५० कॅलरीचे शेक आणि सूप दिले, मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. शेकच होते तेही! फरक एवढाच, की थेंब न् थेंब मोजलेला आणि डॉक्टर मागे उभे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मोजल्याशिवाय कुणाला 'हेल्दी' सल्ला देऊ नका. आपण तिशी-चाळिशीतले लोक एका हातात फोन घेऊन आई-बाबांचं स्वयंपाकघर रिफॅक्टर करायला निघालोय. टेस्टिंग नाही, रोलबॅक नाही. कोडची एक ओळ रिव्ह्यूशिवाय पुढे जाऊ देत नाही आपण, आणि फॉरवर्ड आलेला कागद बापाच्या फ्रिजवर चिकटवतो. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर. म्हणजे हा कागद ज्याच्या त्याच्या घरात पोचतोय. तुमच्याही.

आम्ही आता काय करतो? खाण्याआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, साखर तपासतो. एका वेळी एकच बदल. वहीत नोंद. आधी भाजी, उसळ किंवा अंडं, भाकरी शेवटी. (अमेरिकेत २०१५ मध्ये अकरा जणांवर छोटा प्रयोग झाला होता, हेच पदार्थ या क्रमानं खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढली. अकराच माणसं, पण करून बघायला पैसे पडत नाहीत.) मुगाचं धिरडं, दोन अंडी आणि वर एक छोटा पेरू, चावून. आधी १३१, दोन तासांनी १७२. जुनी भाकरी-भाजी आली १७८. म्हणजे बाबांचं मुळात बरंच बरोबर होतं. भाकरीतही कार्ब्स आहेतच, पण ती एक होती, भाजीबरोबर होती, आणि चावून खाल्लेली होती.

जूनमधला एचबीए१सी ७.३. वाढवलेली गोळी पुढच्या वेळी कमी करता येते का बघू, असं डॉक्टर म्हणालेत.

ब्लेंडर? तो आहे. आई त्यात शेंगदाण्याचं कूट करते. फ्रिजवरचा कागद मात्र बाबांनी अजून काढलेला नाही. मी काढायला गेलो तर म्हणाले, "राहू दे रे. तू आलास की तुला दिसेल."

असो. केळं भरलं ११२ ग्रॅम. अर्धं पोराला देतो.