श्वासातून कळतो पोटातला जंतू

जळजळ, आंबट ढेकर, जेवल्यावर पोट जड होणे, या साऱ्याला आपल्याकडे एकच नाव आहे : पित्त. औषधही ठरलेले. सकाळी रिकाम्या पोटी पँटोप्राझोलची गोळी, तीही बरेचदा चिठ्ठीशिवाय आणि महिनोन्महिने. या तक्रारींमागे काही वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. त्याला शोधणारी एक सोपी तपासणी नेमकी याच गोळीमुळे फसते.

जठरातल्या आम्लात जंतू टिकणार नाही, असे पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ही समजूत खोडून काढली. मार्शल यांनी १९८४ मध्ये या जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याआधी, १९९४ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले होते.

आम्लात टिकण्यासाठी हा जंतू युरिएज हे विकर मोठ्या प्रमाणावर बनवतो. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि जंतूभोवतीचे आम्ल सौम्य होते. श्वासाच्या तपासणीत हीच खोड पकडली जाते. रुग्ण उपाशीपोटी एका पिशवीत फुंकतो, मग कार्बन-१३ असलेला युरिया पितो आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा फुंकतो. जठरात जंतू असेल तर युरिया फुटतो, त्यातला कार्बन-१३ कार्बन डायऑक्साइडच्या रूपात रक्तातून फुफ्फुसात येतो आणि दुसऱ्या पिशवीत त्याचे प्रमाण वाढलेले दिसते. कार्बन-१३ किरणोत्सर्गी नाही. कार्बन-१४ वापरणारी पद्धतही आहे. तिच्यातला किरणोत्सर्ग अगदी अल्प असला तरी गर्भवती आणि मुलांसाठी ती टाळतात.

नीट केली तर ही तपासणी दुर्बिणीच्या तपासणीच्या तोडीची ठरते. अडचण ‘नीट’ या शब्दात आहे. पित्ताच्या गोळीने जंतू मरत नाही, पण त्यांची संख्या आणि हालचाल मंदावते आणि असलेला जंतू अहवालात ‘नाही’ असा येतो. म्हणून पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधीपासून बंद हव्यात. (ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत ही गोळी चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नये.) पित्ताची गोळी हे औषध आहे असे अनेकांना वाटतच नाही. त्यामुळे ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारून भागत नाही, गोळीचे नाव घेऊनच विचारावे लागते.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. त्यामुळे सरसकट सर्वांची तपासणी करण्यात अर्थ नाही. अल्सर झालेले, अपचन हटत नसलेले, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग असलेले, यांना तिचा उपयोग. मात्र वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे यांपैकी काही असेल तर श्वास तपासत बसू नये, थेट दुर्बिणीची तपासणी करावी.

या तपासणीची खरी गरज आहे ती उपचारानंतर, आणि नेमकी तिथेच ती राहून जाते. दहा-चौदा दिवस दोन-तीन प्रतिजैविके घेतली, बरे वाटले, विषय संपला. पण बरे वाटणे म्हणजे जंतू जाणे नव्हे. क्लॅरिथ्रोमायसिनला हा जंतू दाद देईनासा झाला आहे. मेट्रोनिडाझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिनबाबत आपल्याकडे प्रश्न आणखी मोठा आहे. अर्धवट सोडलेल्या कोर्सने त्यात भरच पडते. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची तपासणी केली, तरच जंतू गेला की नाही ते कळते. रक्तातली अँटिबॉडी तपासणी इथे कुचकामी आहे, कारण जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने ‘पॉझिटिव्ह’ येत राहते. तो कागद पाहून पुन्हा प्रतिजैविके सुरू केली जातात, हे थांबायला हवे.

श्वासाच्या तपासणीची सोय नसेल तिथे शौचातील अँटिजेनची तपासणी चालते. तिलाही पित्ताच्या गोळीचे तेच पथ्य लागू आहे.