पाहणं घरचं, भरणं विचारून

मागच्या रविवारी मी घरच्या घरी गाडीचं तेल तपासलं आणि चांगली चालणारी गाडी बिघडवून ठेवली. इंजिनचं नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. मेकॅनिक मंडळी त्याला एटीएफ म्हणतात. आता सगळं ठीक आहे (मावशी, लगेच फोन करू नकोस!), पण या निमित्ताने माझं एक मत पक्कं झालं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डाव्या पायाने क्लच दाबणं मला जमत नाही. म्हणून ही जुनी, सेकंड हँड ऑटोमॅटिक घेतली. बाबांना नागपूरला डॉक्टरांकडे न्यायचं तर हीच. ही बसली की आम्ही दोघंही ऑटो आणि बसच्या हवाली. आणि असा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली की आकडा ऐकूनच घाम फुटतो.

तर झालं असं. सकाळी अंगणात गाडी चालू केली. एका परदेशी व्हिडिओत पाहिलं तशी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची लांब पट्टी, काढली, पुसली, परत घालून पाहिली. तेल 'हॉट' या खुणेच्या बरंच खाली! मी मोठ्या उत्साहाने नरसाळं लावून अर्धा लिटर ओतलं. दुपारी कामठी रोडने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेलो, तर सिग्नलला गाडी क्षणभर विचार करायची आणि मग धक्का देऊन निघायची.

घरी येऊन बॉनेट उघडून उभा होतो, तर शेजारचे काका आले. फौजेत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन इथेच छावणीजवळ राहिले.

"काहून भाऊ, काय झालं?"

"तेल कमी वाटलं म्हणून टाकलं जी."

"कमी होतं तं गेलं कुठं? पेट्रोल आहे काय ते, जळून जाईन?"

मी गप्प. मुद्दा बरोबर होता. हे तेल जळत नाही, खर्च होत नाही. ते खरोखर कमी झालं असेल तर कुठून तरी गळतंय. आणि गळत नसेल तर बहुतेक पाहणाराच चुकलाय. माझं तेच झालं होतं. तेल तापलं की फुगतं, म्हणून 'हॉट'ची खूण ही तापलेल्या तेलासाठी असते. मी थंड गाडीत ती पाहिली. जास्तीचं तेल आत फिरणाऱ्या भागांनी घुसळलं जातं, ताकासारखा फेस होतो. हा गिअरबॉक्स चालतो तेलाच्या दाबावर, आणि फेसातली हवा तो दाब धरू देत नाही. म्हणून ते धक्के.

शेवटी बारीक नळी आणि मोठी सिरिंज घेऊन डिपस्टिकच्याच वाटेने जास्तीचं तेल ओढून काढलं. मग काकांच्या देखरेखीखाली नीट तपासलं. गाडी अर्धा तास चालवून आणली. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला वीट. ब्रेकवर पाय ठेवून गिअर एकेक करून सगळ्या जागी फिरवला आणि पी मध्ये आणला. इंजिन चालूच. धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्टी पुसली, पुन्हा घालून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये. लालसर, जळका वास नाही. हुश्श!

पण ही रीत माझ्या गाडीची, तुमची वेगळी असू शकते. होंडाच्या कितीतरी ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत पाहायचं असतं. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. आणि 2014 साली सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी म्हणजे आतून साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणारं आणि गिअर टाकणारं यंत्र. तिच्यात एटीएफ ओतायला जाल तर कठीण आहे. सीव्हीटीचं तेलही वेगळं. म्हणून व्हिडिओच्या आधी आपल्या गाडीचं पुस्तक वाचावं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात वर्षानुवर्षं प्लॅस्टिकमध्ये पडून असतं, माझंही होतं.

मग काय, सगळं गॅरेजवाल्यावर सोडायचं? अजिबात नाही. काका सांगतात, फौजेत गाडी हलवायच्या आधी रोज फर्स्ट परेड असते. तेल, पाणी, टायर ड्रायव्हरने स्वतः पाहायचं. "पाहाचं रोज, टाकाचं कारण समजल्यावर." माझं मत आता हेच आहे. महिन्यातून एकदा पट्टी पाहा, रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी त्यावर डाग आहे का बघा. तेल तपकिरी, जळकं झालं असेल तर वेळीच कळेल. कमी दिसलं तर आधी गळती शोधा, मग पुस्तकात लिहिलेलंच तेल, कपभर टाकून पुन्हा मोजा.

आणि हो, ते काढलेलं तेल मी नालीत टाकणार होतो. काकांनी हात धरला. नाली शेवटी कन्हानला मिळते, आणि नागपूरचे कितीतरी लोक त्याच नदीचं पाणी पितात. बाटली अजून मागच्या पडवीत आहे. गॅरेजच्या जुन्या तेलाच्या ड्रममध्ये द्यायची आहे, पण तिथे गेलो की सगळी हकिगत सांगावी लागेल. असो!