त्रास न देणारं लेकरू

तुमचं चौदा-पंधरा वर्षांचं मूल दवाखान्यात आहे. चार दिवसांत घरी येण्यासारखं दुखणं नाही. मांडीचं हाड मोडलंय, किडनीचं काही आहे, नाहीतर रक्ताचा कॅन्सर. महिना होत आला. शेजारच्या कॉटवरची बाई तुम्हाला म्हणते, "तुमचं लेकरू किती शहाणं हो! जरा म्हणून त्रास देत नाही."

हे ऐकून हुरळून जाऊ नका. माझ्या भाच्याच्या वेळी मी हुरळले होते. तीन आठवडे तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत होते, पोरगं सोशिक आहे. एकदा रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलं, "मावशी, हा शेवटचा हसला कधी?" मला आठवेना.

आजारपणात मन खचणं हा हट्ट नाही, नाटक तर नाहीच. पंधराव्या वर्षी पोरांचा जीव मित्रांत असतो, मैदानात असतो, वर्गातल्या बाकावर असतो. ते सगळं तिकडे चालू राहतं आणि आपण इकडे सलाईन लावून पडून. त्यात घरी बाथरूमची कडी दोनदा तपासणाऱ्या मुलाला इथे सगळ्यांसमोर बेडपॅन मागावं लागतं. मुलीला पाळी येते आणि पॅड कुणाकडे मागायचं कळत नाही.

बऱ्याच ठिकाणी बारा-चौदा वर्षांच्या पुढे मुलांच्या वॉर्डात घेत नाहीत. पोर मोठ्यांच्या वॉर्डात जातं. रात्री समोरच्या आजोबांच्या कॉटभोवती धावपळ होते, सकाळी कॉट रिकामी असते. मूल काही विचारत नाही. त्याला कळलेलं असतं. तुम्हीच विषय काढा. "काल रात्री तू जागा होतास ना?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. आणि त्या आजोबांचं दुखणं वेगळं होतं, हे खरं असेल तर तेही सांगा.

आता ओळखायचं कसं? आजारात थकवा असतोच, भूक मेलेलीच असते. त्यामुळे नुसतं जेवण आणि झोप बघून कळणार नाही. आवडीच्या गोष्टी बघा. क्रिकेटचा स्कोअर विचारणं बंद झालं का? मैत्रिणीचा फोन आला तर "नंतर" म्हणते का? या वयात उदासपण रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, तेव्हा डबा ढकलून देणारं पोर उर्मट आहे असं लगेच ठरवू नका. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "काय उपयोग आता" अशी वाक्यं कान देऊन ऐका. बहुतेक सगळा दिवस असाच जातोय आणि दोन आठवडे होत आले, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. मूल एकाएकी बरळायला लागलं, माणसं ओळखेना, तर मात्र दोन तासही थांबू नका. ते उदासपण नव्हे, ते शरीराचंच काही बिघडलेलं असू शकतं.

सकाळच्या राउंडला डॉक्टर ताप विचारतील, लघवी विचारतील. मनाचं विचारतीलच असं नाही. तुम्ही बोला. मुलासमोर नको, बाहेर व्हरांड्यात. काही औषधांनीही मन खचतं. स्टेरॉइडने मुलं चिडतात, रडवेली होतात. क्षयरोगाच्या सायक्लोसेरिन या गोळीनेही उदासी येऊ शकते. तेव्हा "हे औषधाने होतंय का?" असं विचारा. पण मनाने एकही गोळी बंद करू नका.

डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांना बोलावलं तर "आमचं पोर वेडं नाही" म्हणून भांडू नका. छातीत धडधडलं तर हृदयाचे डॉक्टर येतातच ना? पुष्कळदा नुसत्या बोलण्यानेच फरक पडतो. गोळी दिली तर गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

आणि पैशाचं बोलणं कॉटपाशी करू नका. हे मी हात जोडून सांगते. "म्हैस विकावी लागेल" हे तुम्ही भावाला हळू आवाजात सांगता, पण डोळे मिटलेल्या पोराचे कान उघडे असतात. खर्चाचं विचारायला महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. ते बोलणं तिकडे.

भेटायला येणाऱ्यांनाही दारातच सांगून ठेवा. "अगंबाई, केस सगळे गेले की!" असं म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते. तिला फळं घेऊन खालीच थांबवा. त्यापेक्षा एका मित्राला बोलवा. आत सोडत नसतील तर व्हिडिओ कॉल लावून द्या आणि तुम्ही चहाला जा.

लहान-सहान गोष्टी त्याला ठरवू द्या. अंग सकाळी पुसायचं की संध्याकाळी? सुई कोणत्या हाताला, सिस्टरला विचारू का? डब्यात पथ्यातलंच पण काय आणू? पडदा नसेल तर दोघांनी चादर धरून आडोसा करा. परवानगी मिळाली की व्हीलचेअरवरून उन्हात न्या. रात्रभर ट्यूबलाइट जळते, डोळ्यांवर ओढणी बांधून द्या.

वर्ष वाया जाईल ही भीती मोठी असते. शाळेत जाऊन बोला, हजेरीचं विचारा. दहावी-बारावीची मुख्य परीक्षा हुकली तरी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. हे त्याला नीट सांगा. "अभ्यासाचं बघू नंतर" असं म्हटलं की त्याला वाटतं, यांनी आशा सोडली.

"मरून जावं" असं मूल म्हणालं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने तसं मनात येत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याने छातीवरचं ओझं उतरतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. लगेच सिस्टरला सांगा. गोळ्यांच्या पट्ट्या उशाशी ठेवू नका, मुलाला एकटं सोडू नका. घरी आल्यावर असं झालं तरी हेच करा आणि मुलाला तातडीने दवाखान्यात न्या. कुणाशी बोलावं कळत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः खचला असाल तरी लावा.

आज संध्याकाळी डबा घेऊन जाल तेव्हा औषधांची फाईल नंतर बघा. आधी स्टूल ओढा आणि त्याच्या तोंडासमोर बसा. ते भिंतीकडे वळलेलं असेल, तर कॉट जरा सरकवायला सांगा आणि भिंतीच्या बाजूला बसा.