सहावी गाडी

केनियातील मसाई माराचे दरवाजे सकाळी सहा वाजता उघडतात. त्या वेळी गवत दवाने भिजलेले असते आणि हवेत चांगलाच गारठा असतो. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे; आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीने स्वेटर घरी ठेवून आलेली मंडळी पहिल्या सकाळीच कुडकुडतात. छप्पर वर उचललेल्या गाड्या एकामागून एक आत शिरतात आणि प्रत्येक गाडीत एकच प्रश्न असतो : आज काय दिसणार?

उत्तर बरेचसे गाईडच्या नजरेवर अवलंबून असते. कसलेला गाईड सिंह शोधण्याआधी हरणांच्या माना पाहतो. टोपी नावाचे तांबूस हरीण वारुळावर चढून एकाच दिशेला टक लावून उभे असेल, तर त्या दिशेच्या गवतात काहीतरी दडले आहे. जिराफांचेही तसेच; उंचीमुळे त्यांना ते आधी दिसते. गिधाडे नुसती घिरट्या घालत असतील, तर त्यांचा शोध चालू आहे; पाय खाली सोडून सरळ उतरू लागली, तर जमिनीवर शिकार पडलेली आहे. हे वाचन वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. केनियात गाईडांची व्यावसायिक संघटना परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्यांची पात्रता देते. सहल ठरवताना हॉटेलचे तारे सगळेच विचारतात. गाईडची पायरी विचारणारे मात्र फार थोडे.

पण आता नजरेच्या जोडीला रेडिओ आला आहे. एका गाडीला काही दिसले, की संदेश फिरतो. स्वाहिलीत ‘सिंबा’ म्हणजे सिंह, ‘चुई’ म्हणजे बिबट्या आणि ‘दुमा’ म्हणजे चित्ता, एवढे तीन शब्द पाहुण्यांनाही दुसऱ्या दिवशी कळू लागतात. ‘दुमा’ ऐकू आले, की गाडीचा वेग वाढतो. काही मिनिटांतच एका झुडपाभोवती दहा-पंधरा गाड्यांचे कडे पडते.

सिंहांना या गर्दीचे फारसे वाटत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपूनच काढतात आणि त्यांचा बराच उद्योग रात्री चालतो. चित्त्याचे तसे नाही. सिंह आणि तरस यांच्याशी गाठ टाळण्यासाठी तो मुख्यतः दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमकी पर्यटकांच्या वेळेत. अंगाने तो सडपातळ. धाव संपल्यावर त्याला धापा टाकत थांबावे लागते आणि मिळालेले भक्ष्य दुसरे कोणी हिरावण्याआधी भराभर खावे लागते. पिल्ले दीडेक वर्ष आईबरोबर असतात आणि तेवढा काळ त्यांचे सारे पोषण तिच्या शिकारीवर चालते. गाड्यांच्या गर्दीत तिचा दबा उघडा पडला, की गॅझेल निसटते आणि पिल्ले त्या दिवशी उपाशी राहतात.

याचा हिशेब फेम्के ब्रुखाउस या संशोधिकेने मांडला. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माराच्या कमी वर्दळीच्या भागात चित्त्याची मादी एका वितीतील सरासरी २.३ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवते. जिथे पर्यटकांची गर्दी अधिक, तिथे हाच आकडा ०.२ आहे. पर्यटकांमुळे पिल्लू मेले, असा थेट पुरावा त्या अभ्यासात नाही. शिकार हुकणे, खाणे अर्धवट सोडून जावे लागणे, गर्दीमुळे सिंह-तरसांना सुगावा लागणे, अशी संभाव्य कारणे सांगितली जातात. तरीही दोन आकड्यांतील अंतर डोळ्यांआड करण्याजोगे नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. कॅमेऱ्याने कोणाला इजा होत नाही, असे मानून मुंगीलाही जपणारी कुटुंबे निश्चिंत मनाने त्या कड्यात उभी असतात.

नियम आहेत. एका प्राण्यापाशी पाचपेक्षा अधिक गाड्या नकोत, अंतर किमान २५ मीटर हवे, इतर गाड्या थांबल्या असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. सहाव्या गाडीने दूर थांबून आपली पाळी येण्याची वाट पाहायची. नियम मोडणारा गाईड मात्र बहुधा स्वतःच्या हौसेसाठी तो मोडत नाही. मागच्या बाकावरून ‘अजून थोडे जवळ’ असा आग्रह होत असतो आणि निरोपाच्या वेळी हातात पडणारी बक्षिसी त्या आग्रहाशी जोडलेली असते. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात येते, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

माराच्या सीमेलगत मसाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेऊन उभी राहिलेली राखीव क्षेत्रे गेल्या वीसेक वर्षांत वाढली आहेत. तिथे राहण्याच्या तंबूंची संख्या जमिनीच्या हिशेबाने ठरते. काही ठिकाणी एका तंबूमागे ७०० एकर असे प्रमाण आहे. गाड्या साहजिकच कमी. मुक्काम महाग पडतो, पण त्यातील भाडे दरमहा मसाई कुटुंबांकडे जाते आणि जमिनीला कुंपणे पडत नाहीत. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी पहिल्याच सकाळी, गाडी सुरू होण्यापूर्वी, गाईडला एवढे सांगावे, की गर्दी दिसली तर लांब थांबा, बक्षिसीत काही कमी होणार नाही. ऐकताच अनेकांचा चेहरा मोकळा होतो.

मग इंजिन बंद होते. थांबलेल्या गाडीतून सेक्रेटरी पक्षी दिसतो; लांब पायांनी गवत तुडवत, साप-टोळ उठवत चालणारा. शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत भुंगा चाकाजवळून जातो. दूरच्या कड्यातून पहिली गाडी निघते, दुसरी निघते. गाईड दुर्बीण डोळ्यांना लावतो. चित्त्याची मादी उठली आहे आणि तिच्या मागून गवत तीन ठिकाणी हलते आहे.