माझंच रक्त कशाला?

'रक्तदान हेच श्रेष्ठदान' ही पाटी आपण सगळ्याजणींनी इतक्या वेळा वाचलीय, की आता ती डोळ्यांना दिसतच नाही. मांडवावर तीच पाटी, शेजारी नेत्याचा फोटो आणि रक्त देणाऱ्याला डबा नाहीतर बॅग! महिला मंडळातर्फे शिबिरं भरवताना मला नेहमी वाटतं, की माझंच रक्त कशाला हवंय, हे ही पाटी सांगतच नाही.

इंग्लंडमधल्या जाहिराती ते सांगतात. तिथल्या आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत सिकलसेल आढळतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, असह्य कळा येतात, कित्येकांना वरचेवर रक्त चढवावं लागतं. तुम्ही म्हणाल, गट जुळला की झालं! तसं नसतं बरं का. ए, बी, ओच्या पलीकडेही रक्ताचे पुष्कळ बारीक प्रकार आहेत. ते जुळले नाहीत तर शरीर त्या रक्ताशी झगडू लागतं आणि पुढच्या वेळी चालेल असं रक्त मिळणं आणखी अवघड होतं. 'आरओ' नावाचा असा एक प्रकार तिथल्या निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीयांत असतो, गोऱ्यांत मात्र शंभरात जेमतेम दोन-तीन जणांत. म्हणजे या रुग्णांचा दाता बहुधा त्यांच्याच समाजात सापडणार.

म्हणून तिथल्या सरकारी रक्तसेवेनं 2016 मध्ये लेडी लेशर या रॅप गायिकेला बरोबर घेऊन गाणं काढलं. 2018 मध्ये सिकलसेलचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा 'बी पॉझिटिव्ह' हा गायकवृंद टीव्हीवरच्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'च्या अंतिम फेरीत पोचला. 2022 मध्ये 'ब्लॅक पँथर'चा दुसरा सिनेमा आला, तेव्हा त्याच्या जोडीनं 'कुटुंबातले नसू, पण रक्ताचे आहोत' अशा अर्थाची मोहीम निघाली. मला आवडलं ते हे, की 'तुम्ही लोक रक्त देत नाही' असा ठपका कुठे नाही. आपल्यातलंच माणूस आपल्याला सांगतंय, की तुझ्याकडे जे आहे ते दुसरीकडे सहजी मिळत नाही.

पण जाहिरातीनं बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं, असंही तिथे चालत होतं. जोडीदाराचे पूर्वी आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत शरीरसंबंध आले असतील, तर रक्त घेत नसत. ज्यांना हाक मारायची, नेमके तेच बाहेर! 2021 मध्ये इंग्लंडनं तो प्रश्न काढून टाकायचं ठरवलं. मला तर हा निर्णय दहा जाहिरातींइतका मोलाचा वाटतो.

सिकलसेल आपल्यालाही परका नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांतल्या मैत्रिणींना मी काय सांगावं? पण गोंडीत, माडियात, पावरीत रक्तदानाची हाक तुम्ही कितीदा ऐकलीत? रुग्ण तिथले आणि पाटी मात्र शहरी मराठीत!

आणि आपल्याकडचं ते दार? हिमोग्लोबिन साडेबारा हवं. शिबिरात हौसेनं आलेली बाई टोचून घेते, 'कमी आहे' एवढं ऐकते आणि ओशाळून घरी जाते. ती पुन्हा येत नाही. आमच्या पुढच्या शिबिरात अशा प्रत्येकीला लोहाच्या गोळ्या कुठे मिळतात ते सांगायचं, पुन्हा तपासायची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायची, असं आम्ही ठरवलंय. डबे-बॅगांचे पैसे त्या तपासणीसाठी वापरणार आहोत.