आईची काळजी आणि गतिज ऊर्जा



गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद झाला. माझी जुनी मोटार विकून मोटरसायकल घ्यावी, असा विचार मी फराळाच्या वेळी मांडला आणि घरातील सर्वांनी तो एकमुखाने फेटाळला. "ते काही नाही. दोन चाकांवर तू जायचं नाहीस," आई म्हणाली. "अहो, पावसात काय कराल? आणि अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून कसे याल?" पत्नीने विचारले. नववीतील मुलगी मात्र निराळेच बोलली, "बाबा, तुम्ही वर्गात सगळ्याचं गणित मांडता. मग याचंही मांडा ना!"

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तेव्हा माघार घेणे शक्य नव्हते. खरे सांगायचे तर, गणित मांडून आईला गप्प करता येईल अशा खात्रीनेच मी कागद-पेन्सिल हाती घेतली. पुढे काय झाले ते तुम्हांला सांगतो, कारण आज ना उद्या हा वाद तुमच्याही घरी होणार आहे. तेव्हा मोटरसायकल मागणारे तुम्ही असाल.

प्रथम माझी बाजू. आमचे घर साताऱ्यात आणि कॉलेज तेथून अठरा किलोमीटरांवर. जाऊन-येऊन महिन्याला सुमारे ८०० किलोमीटर होतात. माझी मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते, म्हणजे ५३ लिटर पेट्रोल लागते. लहान मोटरसायकल लिटरला ५० किलोमीटर सहज जाते. तिला १६ लिटर पुरेत. बचत महिन्याला ३७ लिटरांची! एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तोही महिन्याला ८५ किलोग्रॅमने कमी होईल. याचे कारण उघड आहे. सत्तर किलो वजनाचा मास्तर कॉलेजात पोहोचवण्यासाठी नऊशे किलोंचे लोखंड रोज नेणे-आणणे हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही.

आता घरच्यांची बाजू. मी आईला विचारले, "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" हा प्रश्न मी तिला तोवर कधी विचारलाच नव्हता. तिने तीन उत्तरे दिली. ती आपण एकेक करून तपासू.

पहिले उत्तर: "दोन चाकांची गाडी पडते." उभी गाडी पडते हे खरे. परंतु चालती दुचाकी सहसा स्वतःला सावरते. ती एका बाजूला कलली की तिचे पुढचे चाक त्याच बाजूला वळते आणि चाके पुन्हा गुरुत्वमध्याच्या खाली येतात. सायकल शिकताना तुम्ही हे नकळत अनुभवले आहे. मात्र यासाठी पुढच्या चाकाची रस्त्यावर पकड हवी. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, वाळू, पहिल्या पावसाने निसरडा झालेला डांबरी रस्ता यांवर ती पकड सुटली, की सावरण्याची ही सोयच नाहीशी होते. म्हणजे कोरड्या रस्त्यापुरते आईचे म्हणणे चूक, ओल्या रस्त्यापुरते बरोबर.

दुसरे उत्तर: "एवढीशी गाडी, तिला ब्रेक कसा लागणार?" येथे मात्र गणित माझ्या बाजूचे निघाले. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाच्या वर्गाला, घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागून येणारी संख्या. या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही! ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला तर थांबायला सुमारे १६ मीटर लागतात. ओल्या रस्त्याचा ०.४ धरला तर २९ मीटर. ब्रेक दाबेपर्यंत जाणारा एक सेकंद धरा, आणखी १५ मीटर वाढवा. मोटार असो वा मोटरसायकल, टायर आणि ब्रेक चांगले असतील तर अंतर जवळपास सारखेच. फरक इतकाच, की घाबरून ब्रेक दाबला आणि चाक जागच्या जागी अडकले तर मोटार सरळ घसरते, दुचाकी आडवी होते. म्हणूनच आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे.

तिसरे उत्तर आईने हळू आवाजात दिले, "आणि लागलंच तर?"

येथे माझी पेन्सिल अडखळली. सत्तर किलोच्या माणसाची ताशी ५४ किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा होते ७,८७५ ज्यूल. साडेअकरा मीटरांवरून, म्हणजे साधारण चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडल्यावर जमिनीजवळ पोहोचताना असते तेवढीच. थांबताना ही सारी ऊर्जा कोठेतरी जिरलीच पाहिजे. ती किती अंतरात जिरते यावर आघाताचे बळ ठरते. मोटारीचा पुढचा भाग चेपत जातो आणि पट्टा बांधलेला माणूस त्याच्याबरोबर सुमारे ६० सेंटिमीटरांत थांबतो. सरासरी बळ येते त्याच्या वजनाच्या १९ पट. मोटरसायकलस्वारापुढे चेपायला काहीच नसते. तो सहा सेंटिमीटरांत थांबला तर बळ दसपट! हेल्मेटमधील थर्माकोलचा दोन-तीन सेंटिमीटरांचा थर डोक्यासाठी हेच अंतर वाढवतो. नुसत्या डोक्याच्या वाट्याला काही मिलीमीटरच येतात. पण छातीला आणि पायांना हेल्मेट नसते.

मी आकडेवारीकडे वळलो. सरकारी अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मरण पावले. मुलगी म्हणाली, "पण बाबा, आपल्याकडे दुचाक्याच जास्त आहेत." शाबास! देशातील नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाक्या आहेत. तेव्हा नुसत्या अंशावरून धोका ठरत नाही, छेदही योग्य हवा. आणि येथे योग्य छेद म्हणजे कापलेले अंतर. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने २०२१ सालासाठी तसा हिशेब केला आहे. तेवढ्याच अंतरामागे मोटरसायकलस्वारांचे मृत्यू मोटारीतील माणसांच्या वीस पटींहून अधिक निघाले. तेथील वेग व रस्ते वेगळे आहेत, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. परंतु पारडे कोणाकडे झुकते ते कळायला तो पुरेसा आहे.

आईला यातील एकही आकडा माहीत नव्हता. तिला माहीत होता माझा एक जुना विद्यार्थी. दर गुरुपौर्णिमेला तो घरी येत असे. चार वर्षांपूर्वी तो आपल्या घरापासून दोन फर्लांगांवर गेला. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेले होते. आईची भीती तिथून आली होती, आणि मी तिला अडाणीपणा समजत होतो.

मग आम्ही काय ठरवले? संक्रांतीनंतर मोटार विकली आणि लहान मोटरसायकल घेतली. परंतु आईच्या तीन उत्तरांतून तीन अटी निघाल्या. पावसाळ्यात एस.टी.ने जायचे. प्रात्यक्षिकांमुळे उशीर होतो त्या दिवशी, म्हणजे अंधारातही, एस.टी.च. आणि वेग चाळीसच्या पुढे न्यायचा नाही, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. वेग ५४ वरून ३६ वर आणला की गतिज ऊर्जा निम्म्याहूनही कमी होते आणि गच्चीची ती उंची पाच मीटरांवर येते. अठरा किलोमीटरांना यासाठी दहा मिनिटे जास्त लागतात. आईला रात्री दवाखान्यात न्यावे लागले तर शेजारच्या रिक्षावाल्याशी बोलून ठेवले आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहेच. पेट्रोलची बचत आधी मांडली तेवढी होत नाही, तरी बरीच होते.

धोका शून्य झाला का? नाही. तो मी जाणून घेतलेला आहे आणि घरच्यांनीही. पूर्वी तो मी एकट्यानेच ठरवू पाहत होतो. अपघात स्वाराला होतो, पण पुढची वर्षे घरच्यांना काढावी लागतात. म्हणून त्यांना मत असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तेव्हा मित्रहो, उद्या तुम्ही गाडी मागाल आणि घरून नकार येईल, तेव्हा "काही होत नाही हो!" असे म्हणू नका. ते उत्तर नव्हे. "तुम्हांला नेमकी कशाची भीती वाटते?" असे विचारा आणि येणारे प्रत्येक उत्तर गणिताने तपासा. काही भीती निराधार ठरेल, काही खरी. खरी ठरेल तिची अट करा आणि ती पाळा. शिक्षकबंधूंनाही विनंती, की गतिज ऊर्जेचा धडा शिकवताना एकदा फळ्यावर हे उदाहरण घ्यावे.

आमची आई अजूनही मी निघताना दारात उभी राहते. हेल्मेटचा पट्टा लागल्याचा खट्ट असा आवाज ऐकला की मगच आत जाते.